पानाखालची पट्टी

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
९ मार्च २०१४

ताई,

नमस्कार. पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन का नाही केला, असं विचारशील. घरचा फोन हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये आमच्या सूनबाई, विनिता. मोबाइल घेऊन बाल्कनीत जावं तर बाल्कनीला लागून स्वयंपाकघर, तिथेही विनिता. ईमेल मी आता मेलो तरी लिहिणार नाही, आणि त्याचंच कारण सांगायला बसलोय. पाकीट मागितलं तेव्हा पोस्टातल्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तार करायलाच आलोय.

डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घाल. इथे होतीस ते पंधरा दिवस मी घड्याळ लावून घालत होतो. तिकडे तुझ्या आर्यनला वेळ कुठला.

आता मुद्दा. तू गेल्यापासून माझ्या कॉम्प्युटरला रोग लागलाय. कुठलंही पान उघडा, खाली एक पट्टी सरकत वर येते. पट्टीवर एक म्हातारा. केस पांढरेशुभ्र, दात सगळे शाबूत, हातात चहाचा कप. शेजारी लिहिलंय, ‘बाबांना हवी सोबत, तुम्हाला हवी निश्चिंती. ज्येष्ठांसाठी मायेचा निवास.’ पेन्शनचं पान उघडलं, खाली म्हातारा. पेपर उघडला, कुठल्याशा अपघाताच्या बातमीखाली हा चहा पीत हसतोय. रियाच्या शाळेचं वेळापत्रक उघडलं, तिथेही हाच. बंद करायला कोपऱ्यात एक फुली दिलीय, ती एवढीशी की माझं बोट हमखास बाजूला पडतं. मग त्यांचंच पान उघडतं आणि मला विचारतं, ‘आपल्या वडिलांचं वय किती?’ वडील जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली.

कल्पेशला दाखवलं. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, ‘बाबा, जाहिराती सगळ्यांनाच येतात, लक्ष नका देऊ.’ मी समोरच्या बिऱ्हाडात मुद्दाम जाऊन बघितलं. कनेक्शन आमच्याच कंपनीचं, सह्यवेग ब्रॉडबँडचं. त्यांना लहान बाळाच्या दुपट्यांची जाहिरात येते, आणि त्यांच्या सुनेला सातवा लागलाय. म्हणजे ज्याला जे हवं ते येतं. मग आमच्या घरात कोणाला काय हवंय, हे मी विचारायचं नाही का?

तू पस्तीस वर्षं मास्तरीण होतीस, तूच सांग.

कमळाकर


उरण
१४ मार्च २०१४

कमळाकर,

चिरंजीव लिहावं असं तुझं वय राहिलं नाही, तरी आशीर्वाद घे. पत्र दोनदा वाचलं. डोळा बरा आहे, थेंब घालते.

तू उगाच डोक्याला ताप करून घेतोयस. तुझं वय त्रेसष्ट. जाहिरातवाले म्हाताऱ्याला म्हाताऱ्याचीच जाहिरात दाखवणार, शाळेच्या दप्तराची कशाला दाखवतील? कोणी काही बघितलं म्हणूनच येते असं नसतं रे. जुनं सगळं पुसून टाकता येतं म्हणे कॉम्प्युटरमधलं. रियाला सांग, तिला येतं. पुसलंस की विषय संपेल.

आणि विनितापाशी यातलं अक्षर काढू नकोस. ती बेलापूरहून दमून येते. माझ्या ऑपरेशनला तिने चार दिवस रजा टाकली होती, हे लक्षात ठेव.

इकडे नेहमीचंच. आर्यनचं द्रोणागिरीच्या गोदामातलं काम वाढलंय, रात्री नऊ होतात. त्याच्या बदलीचं काहीतरी चाललंय, बघू. तुला नारळाच्या वड्या पाठवायच्या होत्या, पण इथून जाणारं कोणी मिळालं नाही.

ताई


खांदा कॉलनी
२३ मार्च २०१४

ताई,

नमस्कार. तुझा सल्ला मिळाला. पुसलं. रियाने दहा मिनिटांत सगळं पुसलं, ‘आजोबा, आता एकदम नवा झाला’ म्हणाली. पान उघडलं, खाली म्हातारा. त्याने कप बदललाय, बाकी तोच.

मग मी कंपनीत फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा. दोन दाबलं. तक्रारीसाठी चार दाबा. चार दाबलं. एकोणीस मिनिटं बासरी ऐकली. शेवटी एक मुलगी आली, गोड आवाजाची, रागावताही येईना. ती म्हणाली, ‘सर, जाहिराती आपल्या आवडीनुसार दाखवल्या जातात.’ मी म्हटलं, ‘बाई, माझी आवड वृद्धाश्रम आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?’ ती म्हणाली, ‘सर, आपल्या कनेक्शनवरून जी पानं उघडली जातात त्यावरून सिस्टिमला कळतं. कॉम्प्युटरमधून पुसून उपयोग नाही, ते आमच्याकडे असतं.’ आणि मग, ‘आणखी काही मदत करू का?’

समजलं का ताई तुला? आपल्या घरातून कोण कुठलं पान उघडतं ते हे लोक तिकडे बसून बघतात, आणि त्याप्रमाणे गिऱ्हाईक गाठतात. आपल्या दारावर येणाऱ्या हौसा कोळणीलाही ठाऊक आहे की कोणाच्या घरी काय शिजतं. तिसऱ्या मजल्यावरचे माळकरी आजोबा तिच्याकडून गुपचूप सुकट घेतात. पण हौसा ते जिन्यात ओरडून सांगते का? पोटात ठेवते. तिच्याइतकी अक्कल या कंपनीला नाही.

पण माझा खरा संताप वेगळाच आहे. घरात माणसं चार. मी पेपर, पेन्शन आणि भरती-ओहोटीचं पान, एवढंच उघडतो. रिया बारा वर्षांची. कल्पेशचं सगळं मोबाइलवर चालतं आणि त्याचं सिमकार्ड दुसऱ्या कंपनीचं. राहिली कोण? जानेवारीत ती कल्पेशला म्हणत होती, ‘बाबा दिवसभर एकटे असतात, मला काळजी वाटते, काहीतरी करायला हवं.’ मी कानाने ऐकलंय. तेव्हा मला बरं वाटलं होतं, एवढा मी मूर्ख. गेल्या रविवारी ती टेप घेऊन माझ्या बाथरूमची मापं घेत होती. विचारलं तर म्हणाली, ‘असंच.’

सुमती गेली तेव्हापासून या घरात मी आवाज चढवलेला नाही. आता चढणार आहे.

कमळाकर


उरण
२८ मार्च २०१४

कमळाकर,

हे पत्र घाईत लिहितेय, आजच्या टपालात पडायला हवं. तू समजतोस तसं काही नाही. विनिताने ते केलेलं नाही. मला कसं माहीत ते विचारू नकोस, मला माणसं कळतात एवढं समज. सोमवारी पाडवा आहे. सणाच्या दिवशी तोंड उघडू नकोस. माझी शपथ आहे.

ताई


खांदा कॉलनी
६ एप्रिल २०१४

ताई,

तुझी शपथ एक तारखेला पोचली. पाडवा एकतीसला होता.

आता ऐक. गुढी उभारली, पानं मांडली, श्रीखंड वाढलं. रियाला आपला गृहपाठ मला दाखवायचा होता म्हणून तिने कॉम्प्युटर लावला, आणि सणाच्या दिवशी खाली म्हातारा. माझं डोकं फिरलं. मी विनिताला विचारलं, ‘मला नेऊन कधी टाकताय? तारीख कळली तर कपडे धुऊन ठेवतो.’

तिच्या हातात वाढायचा चमचा होता. तिला आधी कळलंच नाही. मग मी पट्टी दाखवली, कंपनीचं सांगितलं, टेपचं सांगितलं. मला गप्प बसता आलं असतं, पण मी आणखी बोललो. म्हटलं, ‘तुझ्या आईला ठेवशील का तिथे?’ ती आत गेली. कल्पेश मागोमाग गेला, मग बाहेर येऊन म्हणाला, ‘बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचा होता. तुमचे गुडघे दुखतात म्हणून. कळलं?’ आणि त्याने स्वतःचं पान उचलून ओट्यावर नेऊन ठेवलं.

रियाने एकटीने जेवायचा प्रयत्न केला.

आता आठ दिवस विनिता माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा वेळेवर येतो, कपाखाली बशी असते, सगळं जिथल्या तिथे. त्याने मला जास्त त्रास होतो. काल कल्पेशने सांगितलं की तळोज्याला त्यांनी जो फ्लॅट घेऊन ठेवलाय तिथे ते एक जूनला राहायला जाणार. रियाची शाळाही तिकडेच बघितलीय. ‘तुम्हीही चला’ असं म्हणाला नाही.

दांडा असेल, मान्य. दांडा आणि वृद्धाश्रम, दोन्ही असू शकतं. तिने ‘मी नाही केलं’ एवढंही म्हटलेलं नाही. न केलेलं माणूस आधी तेच म्हणतं.

कमळाकर


उरण
१२ एप्रिल २०१४

कमळाकर,

आज आशीर्वाद द्यायचं मन नाही.

न केलेलं माणूस आधी ‘मी नाही केलं’ म्हणतं, हे तुला टाइम ऑफिसने शिकवलं. एकतीस वर्षं तळोज्याच्या कारखान्यात लोकांची हजेरीची कार्डं बघून तुला वाटायला लागलं की कार्डावर आहे तेवढाच माणूस. सुदाम आठवतो का? डोंगरावरच्या वाडीतला, कंत्राटी. त्याचं कार्ड त्याच्या भावाने पंच केलं, तू पकडलंस, त्याचं काम गेलं. कार्डावरचं खरंच होतं. पण त्या दिवशी त्याची बायको रूपा बाळंतपणात अडली होती आणि तो तिला झोळीतून खाली आणत होता, हे तुझ्या कार्डावर नव्हतं. नंतर कळलं तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास. सुमतीने मला बोलावून घेतलं होतं तुला समजवायला.

विनिता का बोलली नाही ते मला ठाऊक आहे. चौदा वर्षं जिने तुमच्या घरात सगळं केलं, तिला ‘मी चोर नाही’ असं तोंडाने म्हणावं लागणं हाच अपमान आहे. तू आज तिच्याकडे जा आणि चुकलो म्हण. कारण शोधू नकोस, पुरावा शोधू नकोस. ती घरातून गेली तर तुझं काय होईल, याचा विचार कर. सकाळी उठून तू कोणावर चिडणार आहेस?

माझी तब्येत ठीक. आर्यनचं काय होतंय ते पुढच्या पत्रात लिहीन.

ताई


खांदा कॉलनी
२७ एप्रिल २०१४

ताई,

सुदामचं तू काढायला नको होतंस. आठ दिवस मला ते पत्र परत उघडवलं नाही.

पण एक सांगतो, सुदामच्या वेळी मी अर्धाच कागद बघितला होता. या वेळी पूर्ण बघणार. मी सह्यवेगच्या स्टेशनजवळच्या ऑफिसात अर्ज दिलाय की माझ्या कनेक्शनवरून काय काय, कुठल्या तारखेला, किती वाजता उघडलं, त्याची यादी मला द्या. कनेक्शन माझ्या नावावर आहे. यादीत विनिता निघाली तर माझं खरं. नाही निघाली तर मी तिच्यापुढे हात जोडीन. चुकलो असं नुसतं म्हणायला मला आधी कळलं तर पाहिजे की मी चुकलोय.

त्यांचं उत्तर आलं. जसंच्या तसं लिहितो, तुझी करमणूक होईल. ‘मान्यवर ग्राहक, आम्ही आपल्या खाजगीपणाचा सर्वोच्च आदर करतो. आम्ही आपली कोणतीही माहिती पाहत नाही. आपला अनुभव अधिक समृद्ध व्हावा यासाठी केवळ आपल्या आवडींची नोंद ठेवली जाते.’ खाली सही नाही, एक फुलाचं चित्र. बघत नाही, पण नोंद ठेवतात. टाइम ऑफिसात मी असं उत्तर दिलं असतं तर साहेबाने मला गेटबाहेर काढलं असतं.

तेव्हा आता मी रोज अकरा वाजता त्यांच्या ऑफिसात जाऊन बसतो. त्यांच्याकडे पंखा बरा आहे. तिथला लाइनवरचा अवधूत म्हणून एक आहे, आपल्या बिल्डिंगच्या वायरी तोच ओढतो. तो म्हणाला, ‘काका, पानांची यादी नाही निघत, पण आवडीचा गट निघतो, तारखेवार. साहेब रजेवर गेले की काढून देतो.’

रियाने काल मला विचारलं, ‘आजोबा, आमचं पण सगळं बघणार का तुम्ही त्या यादीत?’ मी म्हटलं, ‘तुझं नाही गं.’ ती म्हणाली, ‘कसं कळणार तुम्हाला, कुठलं कोणाचं?’ मग ती तिचं दप्तर घेऊन आईच्या खोलीत गेली. आजकाल तिथेच अभ्यास करते.

हौसाही दाराशी विचारत होती, ‘भाऊ, तुमच्या घरात काय झालंय? सुनबाय म्हावरा घेते, पन बोलत नाय. आमी काय केला?’

तू काही म्हण, यादी मी घेणार.

कमळाकर


उरण
९ मे २०१४

कमळाकर,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज लिहायला बसत होते आणि उठत होते.

यादीची वाट बघू नकोस. ते मी केलं. तुझ्या कॉम्प्युटरवर वृद्धाश्रम मी शोधले.

फेब्रुवारीत तुझ्याकडे होते तेव्हा. दुपारी तू घोरत असायचास, घरात कोणी नसायचं. रियाने मला मराठीत टाइप करायला शिकवलं होतं, अक्षरं मोठी करून दिली होती. डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघायला मनाई केली होती, म्हणून तुला सांगितलं नाही. दुसऱ्या डोळ्याने बघायचे. काय लिहायचं ते कळेना, म्हणून माणसाला विचारावं तसं लिहिलं, ‘म्हाताऱ्या बाईला एकटीला राहायला जागा कुठे मिळेल’. त्याने पन्नास जागा दाखवल्या. मग रोजच बघत गेले.

आर्यनची बदली झालीय, गुजरातेत मुंद्र्याला. डिसेंबरातच ठरलं होतं. जूनअखेर ही भाड्याची जागा सोडायची. तो मला म्हणाला, ‘आई, तूही चल ना.’ पण म्हणताना तो बायकोकडे बघत होता आणि ती दुसरीकडे बघत होती. तिथे कंपनीच्या दोन खोल्या आहेत. त्याचं चूक नाही. मीच म्हटलं, ‘मला उरण सोडवत नाही.’ त्याला किती हलकं वाटलं ते मला दिसलं. मग मी पेणच्या बाजूला एक जागा जाऊन बघून आले. एका खोलीत दोघी जणी, खिडकी आहे, जेवण बरं आहे. एक जुलैपासून नाव नोंदवलंय.

तुला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू तिथल्या तिथे म्हणाला असतास, ‘इकडे ये.’ तू म्हणणार आणि करायचं विनिताने. पंधरा दिवसांत तिने माझं काय काय केलं ते मी बघितलंय. ऑफिसला जाण्याआधी माझं अंगावरचं लुगडंसुद्धा धुऊन टाकायची. तिच्यावर आणखी एक म्हातारं माणूस टाकायचं नव्हतं. आणि खरं सांगू? मला लाज वाटत होती. पस्तीस वर्षं गावच्या पोरांना वळण लावलं, आणि स्वतःच्या मुलाच्या घरात मला जागा नाही हे धाकट्या भावाला कसं सांगायचं?

हे सगळं तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच लिहायला हवं होतं. पाडव्यानंतर तर त्याच दिवशी. मी तुला सुदामचे धडे देत बसले आणि स्वतः गप्प राहिले. माझ्या गप्प बसण्याने तुझं घर मोडायला आलं. भ्याले मी, दुसरं काही नाही.

हे पत्र विनिताला दे. लपवू नकोस.

ताई


खांदा कॉलनी
१० मे २०१४

ताई,

यादी मिळाली. साहेब रजेवर गेले आणि अवधूतने कागद काढून दिला.

त्यावर लिहिलंय, ‘गट: ज्येष्ठांचे निवास. १३ ते २१ फेब्रुवारी, शनिवार-रविवार वगळून. वेळ: दुपारी दोन ते चार.’ खाली आकडे आहेत, ते सोड. मी टाइम ऑफिसातला माणूस, कागद घेऊन बसलो आणि एकेकाची हजेरी लावली. दुपारी दोन ते चार विनिता बेलापूरला, तिथे अंगठा उमटवून आत जावं लागतं, मध्ये बाहेर पडता येत नाही. कल्पेश कारखान्यात. रिया शाळेत. मी झोपलेला. तू होतीस, पण तुझ्या डोळ्यावर काळा चष्मा आणि डॉक्टरांची सक्त ताकीद, तेव्हा तुझा प्रश्नच नाही. म्हणजे घरात बघणारं कोणीच नाही आणि बघितलं तर गेलंय. अवधूतला म्हटलं, ‘तुमचं घड्याळ बिघडलंय.’ तो म्हणाला, ‘काका, सर्व्हरचं घड्याळ बिघडत नाही.’ मी म्हटलं, ‘मग मी झोपेत चालतो का?’

कोणी केलं ते मला कळत नाही, आणि आता कळून घ्यायचीही इच्छा नाही. विनिताने नाही केलं. एवढं मात्र कागदाने सांगितलं. तू हेच सांगत होतीस, पण मला कागद लागला.

ती आता आत कपाट आवरतेय. खोकी आणलीत. मी दोनदा दाराशी जाऊन आलो. पहिल्यांदा तिने विचारलं, ‘चहा हवाय का?’ मी ‘हो’ म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं, ‘साखर कमी झाली का?’ मी ‘नाही’ म्हटलं. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो.

उद्या तिला सांगतो.

कमळाकर


खांदा कॉलनी
१५ मे २०१४

ताई,

तुझं नऊ तारखेचं पत्र परवा आलं. आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं वाचून तुला हसू आलं असेल. तुझं वाचून मी बाल्कनीत जाऊन बसलो.

मला तुझा एवढा राग आलाय की कुठून सुरू करावं कळत नाही. तीस किलोमीटरवर राहतेस. तुझ्या डोळ्यात मी थेंब घालत होतो. तुला राहायला जागा नाही हे तू मला सांगितलं नाहीस, आणि ज्या यंत्रामागे कोण बसलंय हे तुला ठाऊक नाही, त्याला सांगितलंस. त्याने लगेच ऐकलं. तू गेलीस न गेलीस तोच तुला काय हवंय ते माझ्या घरात लावून ठेवलं. मी अडीच महिने रोज सकाळी तुझं दुःख वाचत होतो ताई, आणि ते माझ्यावर रचलेलं कारस्थान समजून भांडत होतो. कंपनीला तुझी अडचण तेरा फेब्रुवारीला कळली. मला तेरा मेला.

काल कनेक्शन तोडायचा अर्ज दिला. अर्जात कारण विचारतात. खाली चार पर्याय छापलेत: वेग कमी, दर जास्त, घर बदललं, इतर. मी कोऱ्या जागेत लिहिलं, ‘माझ्या बहिणीची व्यथा तुम्हाला माझ्याआधी कळली.’ खिडकीवरच्या बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि ‘इतर’वर खूण केली.

विनिताचं लिहितो. तुझं पत्र आणि माझी एक चिठ्ठी तिच्या डब्याखाली ठेवली. चिठ्ठीत लिहिलं, ‘चुकलो. माफ कर.’ समोर उभं राहून म्हणणं मला जमलं नाही. संध्याकाळी ती आली, डबा धुवायला टाकला आणि म्हणाली, ‘आत्यांचं पत्र वाचलं. तुमचंही वाचलं.’ मग ती म्हणाली, ‘आम्ही एक तारखेला जातोय, बाबा. सामानाचा टेम्पो सांगून झालाय.’ रागाने नाही म्हणाली. राग असता तर मला धरायला काहीतरी होतं.

तेव्हा आता ऐक. पेणचं नाव काढून टाक. एक तारखेपासून या घरात मी एकटा. विनितावर तुझं ओझं पडेल म्हणून येत नव्हतीस ना, आता विनिताच नाही. मला भात लावता येतो, तुला आमटी येते. मी उपकार करत नाही. मला ताटावर समोर कोणीतरी लागतं आणि ते मी माझ्या तोंडाने घालवलं.

कमळाकर


तळोजा
८ जून २०१४

कमळाकर,

हे पत्र मी विनिताच्या घरातून लिहितेय. कल्पेश उद्या कामावर जाताना तुझ्या हातात देईल. उरणहून निघाले ती तुझ्याकडेच यायला निघाले होते, पण पनवेलला उतरल्यावर मनात आलं आणि रिक्षा करून सरळ इकडे आले. तुला न सांगता. माझी खोड जात नाही.

पेणला नाव काढलं. तुझ्याकडे यायचं की नाही ते मी ठरवणार, आणि ते अजून ठरवलेलं नाही. का नाही, ते सांगते.

मी आले तेव्हा विनिता खिडकीच्या काचांना कागद चिकटवत होती. रात्री कारखान्यांचा वास येतो म्हणे. मला बघून ती खुर्चीवरून उतरली आणि आधी माझा डोळा तपासला, खाली ओढून वगैरे. मग ओरडली. खूप ओरडली. ‘आत्या, मला विचारायचं तरी. ओझं होईल की नाही ते मी ठरवलं असतं ना. सगळ्यांनी मिळून माझ्या वतीने ठरवून टाकलं.’ मी ऐकून घेतलं. तिचं बरोबर होतं. मी तिला तोंडाने म्हटलं, ‘माझं चुकलं.’ मग ती माझ्याशेजारी खाली फरशीवर बसली आणि रडली, आणि मग उठून पिठलं लावलं.

जेवताना तुझा विषय मी काढला नाही, तिनेच काढला. तुझी चिठ्ठी वाचल्याचं सांगितलं. म्हणाली, ‘तीन शब्द आहेत. त्या तीन शब्दांवर मी काय करू?’ आणि मग मला विचारलं, ‘आत्या, चौदा वर्षं मी त्यांच्यासमोर होते. आईंच्या आजारपणात होते. तरी त्या खालच्या जाहिरातीवर त्यांनी विश्वास ठेवला, माझ्यावर नाही. असं त्यांना वाटलंच कसं?’

मी तुझी मोठी बहीण. तुझी बाजू घ्यायला तोंड उघडलं, आणि मला उत्तर सापडलं नाही. ते तुझ्याजवळ असेल.

पुढच्या रविवारी इकडे ये. सकाळी ये, ती घरी असते. चिठ्ठी आणू नकोस, पेढे आणू नकोस, कल्पेशला आधी फोन करू नकोस. तिच्यासमोर बस आणि तिने विचारलंय त्याचं उत्तर दे. येत नसेल तर येत नाही म्हण, पण तिच्याकडे बघून म्हण. मी तिथे असेन आणि मध्ये एक शब्दही बोलणार नाही. तुझ्याकडे यायचं की नाही, ते मी त्यानंतर ठरवीन.

ताई